गोठलेलें सरोवर आणि गळ

मासे धरण्याविषयीं आपण आजवर जें कांहीं ऐकलें असेल, त्यांत पाण्याचा उल्लेख पहिल्याच वाक्यांत आला असेल. मी आज ज्या मासेमारीविषयीं बोलणार आहें, तींत पाणी सर्वांत शेवटीं येतें. आधीं येते थंडी, मग बर्फ, मग पहार, मग गिरमिट. आणि एवढें सारें झाल्यावर वीतभर रुंदीच्या एका भोंकांत काळेंभोर पाणी दिसूं लागतें. त्या भोंकापाशीं पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून दिवसभर खालीं पाहत राहावयाचें, ह्यालाच तिकडे करमणूक म्हणतात. ह्या करमणुकीची हकीकत मीं प्रथम ऐकली तेव्हां, सांगणाराची प्रकृति बरी आहे ना, अशी शंका माझ्या मनांत आली होती. पुढें मी स्वतःच त्या बादलीवर बसलों. तेथें जें दिसलें आणि जें शिकावयास मिळालें, तें आज आपणांपुढें ठेवावें असा विचार आहे.

मी मूळचा कोंकणांतला. आमच्या घराच्या पाठीमागेंच खाडी होती, आणि भरतीच्या वेळीं आजोबांच्या शेजारीं गरी टाकून बसणें हें माझें पहिलें शिक्षण. आजोबा फारसें बोलत नसत; पण दोन गोष्टी मात्र ते पुनःपुन्हां बजावीत. एक, "पाण्याची आपली ओळख आहे असें कधीं समजूं नये; काल पाहिलेलें पाणी आज निराळें असतें." आणि दुसरी, "वीतभराहून लहान मासा घरीं आणूं नये. त्याला परत सोडावा." ह्या दोन वचनांपैकीं पहिलें मला सातासमुद्रांपलीकडे जसेंच्या तसें उपयोगीं पडलें. दुसरें मात्र तेथें अगदीं उलटें करण्याची पाळी माझ्यावर आली. ती कशी, हें ओघानें येईलच.

नोकरीच्या निमित्तानें माझे कांहीं हिंवाळे अमेरिकेच्या युटा राज्यांत गेले. त्या राज्याच्या राजधानीपासून, म्हणजे सॉल्ट लेक सिटीपासून, मोटारीनें दक्षिणेकडे सुमारें तीन तास गेलें म्हणजे डोंगरांत 'फिश लेक' नांवाचें एक सरोवर लागतें. नांवाचा अर्थ साधाच आहे: माशांचें तळें. लांबी सुमारें ८ किलोमीटर, रुंदी सुमारें दीड, आणि समुद्रसपाटीपासून उंची सुमारें २,७०० मीटर. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. तेव्हां कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढून गेल्यावर जें पाणी भेटावें, तें हें पाणी. भूपृष्ठाचा एक लांबट पट्टा दोन भेगांच्या मध्यें खालीं खचला आणि त्या खळग्यांत हें सरोवर सांचलें, असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्याच्या नैर्ऋत्य टोंकाशीं अ‍ॅस्पेन नांवाच्या वृक्षांचें एक रान आहे. सुमारें ४३ हेक्टर जागेंत पांढुरक्या सालीचे सुमारें ४७,००० बुंधे उभे आहेत. आणि नवल असें कीं, ते सारे एकाच झाडाचे, एकाच मूळजाळ्यावर उगवलेले फुटवे आहेत. शास्त्रज्ञांनीं ही गोष्ट १९७६ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें त्या रानाला 'पांडो' असें लॅटिन नांव मिळालें. त्याचा अर्थ 'मी पसरतों'. वडाच्या पारंब्या पाहिलेल्या आपल्या माणसाला ह्या पसाऱ्याचें फार आश्चर्य वाटणार नाहीं. पण वड आपलें नातें उघडपणें दाखवितो. हें झाड तें जमिनीखालीं झांकून ठेवतें. त्या मुलखांत महत्त्वाच्या बऱ्याच गोष्टी पायांखालीं झांकलेल्या असतात, हें मला पुढें कळलें.

आमच्या शेजारीं सत्तरी उलटलेले एक निवृत्त शाळाशिक्षक राहत असत. त्या देशांत वडीलधाऱ्यांनाही नुसत्या नांवानें हांक मारण्याची रीत आहे. माझ्या जिभेला ती कधीं साधली नाहीं. मी त्यांना 'मास्तर' म्हणूं लागलों, आणि शब्दाचा अर्थ समजल्यावर तें संबोधन त्यांना इतकें आवडलें कीं, पुढें त्यांच्या घरचीं मुलेंही त्यांना तीच हांक मारूं लागलीं. एका जानेवारींत ते मला म्हणाले, "तूं खाडीकांठचा आहेस म्हणतोस. चल, तुला आमची खाडी दाखवितों." पहाटे तीन वाजतां आम्ही निघालों. उजाडतां उजाडतां सरोवराच्या कांठीं पोहोंचलों तेव्हां पारा शून्याखालीं वीस अंशांवर होता. श्वास घेतला कीं नाकांतले केस कडक होत, आणि मिशांवर दंव सांठे. समोर सरोवर नव्हतेंच. समोर एक पांढरें शुभ्र मैदान होतें आणि त्यावर दूर दूर कांहीं काळे ठिपके हालत होते. ते ठिपके म्हणजे आमच्या आधीं येऊन बसलेले मासेमार.

येथें एक प्रश्न आपल्या मनांत सहज येईल. सरोवर जर असें गोठतें, तर त्यांतले मासे जगतात कसे? ह्याचें उत्तर पाण्याच्या एका विलक्षण स्वभावांत आहे. बहुतेक पदार्थ थंड होऊं लागले कीं आकुंचन पावतात आणि जड होतात. पाणीही तसेंच करतें, पण केवळ चार अंश सेंटिग्रेडपर्यंत. त्याहून अधिक थंड झालें कीं तें उलट प्रसरण पावूं लागतें, हलकें होतें आणि वर राहतें. गोठतांना तर तें सुमारें एक-अकरांशानें फुगतें; म्हणून बर्फ तरंगतो. परिणाम असा होतो कीं, सर्वांत थंड पाणी वर, बर्फाला लागून असतें, आणि तळाशीं चार अंशांचें, म्हणजे त्यांतल्या त्यांत उबदार पाणी शिल्लक राहतें. वरचा बर्फ ही त्या पाण्याची गोधडी होय. पाण्यानें इतर पदार्थांचाच कित्ता गिरविला असता, तर थंड देशांतलीं तळीं तळापासून गोठत वर आलीं असतीं आणि त्यांत एकही मासा उरला नसता. मासे ह्या दिवसांत जिवंत असतात, पण सुस्त असतात. त्यांचें रक्त पाण्याइतकेंच थंड; म्हणून भूक थोडी, हालचाल थोडी. मासेमारालाही मग आपली चाल तशीच मंद ठेवावी लागते.

मी उत्साहानें बर्फावर पाय ठेवणार, तोंच मास्तरांनीं माझा हात धरला. घसरगाडीवरून त्यांनीं प्रथम जी वस्तु काढली ती गळ नव्हे, पहार. चार पावलें टाकावयाचीं, पुढें पहार आपटावयाची, आवाज ऐकावयाचा, आणि मगच पुढचीं चार पावलें. पक्का बर्फ खणखणीत बोलतो. कच्च्या बर्फाचा आवाज बद्द येतो. मास्तर चालतां चालतां मला धडा देत होते. स्वच्छ, कांचेसारखा, निळसर काळा बर्फ दहा सेंटिमीटर जाड असेल तर एका माणसाला पेलतो. मोटारीला वीस ते तीस सेंटिमीटर तरी हवा. पण बर्फ पांढरा असेल, म्हणजे त्यांत भिजलेलें हिम गोठून मिसळलेलें असेल, तर त्याचा भरंवसा निम्माच धरावा. शिवाय जाडी एका ठिकाणीं मोजली म्हणून ती दहा पावलांवरही तेवढीच असेल, असें मुळींच नाहीं. जेथें ओढा येऊन मिळतो, जेथें तळाशीं झरा आहे, तेथें बर्फ पातळच असावयाचा. आणि वरून हिम पडलें असलें म्हणजे दोन्हीं जागा सारख्याच पांढऱ्या दिसतात. माझ्या मनांत आलें, आजोबा ह्यांना कोठें भेटले होते?

आम्हां दोघांच्या गळ्यांत एकेक दोरी होती, आणि तिच्या दोन टोकांना दोन लांकडी मुठी. प्रत्येक मुठींत एक अणकुचीदार खिळा. हा दागिना कशासाठीं, असें मीं विचारलें. मास्तर म्हणाले, "पाण्यांत पडलास तर ह्या खिळ्यांवांचून बर्फाची कड हाताला धरवत नाहीं. पडल्यावर पहिलें एक मिनिट श्वास आवरण्यासाठीं. तेव्हां कांहीं करूं नकोस, नुसतें डोकें वर ठेव. पुढचीं सुमारें दहा मिनिटें हातपाय तुझें ऐकतात; तेवढ्यांत बाहेर यावयाचें. शुद्ध मग तासभरही राहील, पण हात ऐकेनासे झाल्यावर शुद्धीचा उपयोग काय? आणि ज्या बाजूनें आलास त्याच बाजूला तोंड फिरव. त्या बर्फानें तुला तेथवर पेललें होतें. पुढच्याची हमी कोणी दिली आहे?" हें सारें ते पाढे म्हणून घ्यावे तशा सुरांत सांगत होते. एवढ्यांत आमच्या पायांखालून एक लांबलचक घनगंभीर आवाज गडगडत गेला, आणि माझे पाय जागच्या जागीं थिजले. मास्तर हंसले. ऊन चढूं लागलें म्हणजे बर्फ प्रसरण पावतो आणि अशी गर्जना करतो. तें पक्क्या बर्फाचेंच बोलणें आहे, असें त्यांनीं सांगितलें. तरी पुढचा अर्धा तास माझें अर्धें लक्ष पायांखालींच होतें.

सोयीची जागा पाहून गिरमिट लावलें. सुताराच्या हातांतलें गिरमिट आपण पाहतों, त्याचाच हा थोरला भाऊ. पंधरा सेंटिमीटर रुंद पातें, आणि वर फिरवावयास मूठ. बर्फ हातभर जाड नव्हता, पण त्याला फारसा कमीही नव्हता. पातें आरपार गेलें तसें पाणी भसकन् वर आलें. भोंकांत बर्फाचा चुरा तरंगत राहतो आणि पाहतां पाहतां पुन्हां गोठूं लागतो. तो काढावयास जें साधन वापरतात तें पाहून मला घरची आठवण झाली. आपल्याकडे जिलब्या तळतांना वापरतात तो झाराच तो! जिलब्यांच्या जागीं बर्फ, एवढाच फरक.

गळाची काठी अवघी दोन फूट लांब. दोरा केसासारखा. गळाला टंगस्टन धातूचा, वाटाण्याहून लहान असा थेंब जोडलेला. हा धातु शिशाहूनही बराच जड, म्हणून एवढासा तुकडाही सरळ तळाला जातो. आमिष म्हणून मेणपतंगाची एक अळी. जिवंत लहान मासा आमिष म्हणून लावण्यास त्या राज्यांत कायद्यानें बंदी आहे. ह्या बंदीचें कारण पुढें सांगतों. दहा मीटर खोलीवर, पाणवनस्पतींच्या कडेला, गळ तळाला टेकवावयाचा, मग वीतभर वर घ्यावयाचा, आणि मग वाट पाहावयाची. मधून मधून मनगट किंचित् हलवावें. तेंही इतकें कीं शेजाऱ्याला कळूं नये.

पहिला तास कांहींच घडलें नाहीं. मग एकाएकीं काठीचें टोंक थरथरलें. ओढ नव्हे, हिसका नव्हे. नुसती थरथर, जणूं कोणी दुरून बोटानें दार वाजवावें. मीं दोरा भराभर ओढला आणि भोंकांतून एक सोनेरी मासा बाहेर आला. हाच पिवळा पर्च. अंगावर सोन्याची झांक, त्यावर उभे सहा-सात गडद पट्टे, पोटाकडचे पर नारिंगी, आणि पाठीवरचा पर कांटेरी, असा हा मोठा देखणा मासा. तो थव्यानें हिंडतो आणि डोळ्यांनीं शिकार शोधतो. म्हणून तो दिवसाउजेडींच गळाला लागतो, आणि अंधार पडतांच त्याचें खाणें थांबतें. थवा भोंकाखालून जात असला म्हणजे एकापाठोपाठ एक मासे येतात. थवा निघून गेला कीं पुन्हां शांतता. अर्ध्या तासांत आम्हीं दहा-बारा काढले.

पण माझा आनंद फार टिकला नाहीं. पर्च बहुतेक लहान होते. माझा तळहात नि बोटें मिळून जेवढी लांबी होईल, तेवढी क्वचितच एखाद्याची. मला आजोबांचें वचन आठवलें. एक लहानसा मासा मीं हलकेच गळांतून सोडविला आणि पाण्यांत टाकला. तो खालीं गेलाच नाहीं. कुशीवर पडून, पोट फुगवून, तो भोंकांत गोल गोल फिरूं लागला. त्याच्या तोंडांतून गुलाबी फुग्यासारखें कांहीं बाहेर आलें होतें.

मास्तरांनीं झाऱ्यानें तो उचलून घेतला, त्याच्या डोक्यावर एक टोला मारून त्याचा त्रास संपविला, आणि मग सांगितलें. माशाच्या पोटांत हवेची एक पिशवी असते. तिच्या जोरावर तो पाण्यांत हव्या त्या खोलीवर तरंगतो. पर्चच्या ह्या पिशवीला बाहेर वाट नाहीं. दहा मीटरांवरचा मासा झरकन् वर आणला कीं पाण्याचा दाब निम्म्यावर येतो, पिशवींतली हवा दुप्पट फुगते आणि त्याचें जठर तोंडावाटे बाहेर ढकलते. असा मासा बहुधा वांचत नाहीं. "त्याला सोडलें म्हणून तुला बरें वाटेल," ते म्हणाले, "पण त्याला बरें वाटणार नाहीं. ह्या खोलीवरून काढलेला प्रत्येक पर्च, लहान असो कीं मोठा, घरीं न्यावयाचा आणि खावयाचा. तें पटत नसेल तर गळ उचलावा आणि कमी खोल पाण्यांत जावें."

मीं त्यांना आजोबांचें वचन सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प बसले. मग त्यांनीं विचारलें, "तुझ्या आजोबांच्या खाडींत मासे कोणी आणून सोडले होते काय?" नव्हते, मीं म्हटलें. "येथें सोडले आहेत," ते म्हणाले, आणि त्या सरोवराची हकीकत त्यांनीं मला ऐकविली. ह्या पाण्याचा मूळचा ट्राउट निराळा. त्याच्या गळ्याखालीं तांबडी रेघ असते. पुढें मोठे सरोवरी ट्राउट आले, इंद्रधनुषी ट्राउट आले; ते सरकारी खात्यानें मत्स्यपालनकेंद्रांतून आणून सोडले. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोणीतरी, कोणासही न विचारतां, पर्च आणून सोडला. कोणी सोडला हें कोणालाच ठाऊक नाहीं. एका माणसाची लहर, एक बादली पाणी, आणि तींत कांहीं मासे. पर्चची मादी वसंत ऋतूंत हजारों अंडीं एका चिकट, लांब फितींत गुंफून वनस्पतींवर सोडते. संख्या वाढली, खाद्य तेवढेंच राहिलें. म्हणून मासे खुरटले, आणि ट्राउटच्या पिलांच्या तोंडचा घांसही त्यांनीं वांटून घेतला. जिवंत मासा आमिषाला लावण्याची बंदी आहे ती ह्याचसाठीं, कीं दिवसाच्या अखेरीस उरलेलें आमिष कोणी पाण्यांत ओतूं नये.

मी म्हणालों, "मास्तर, सरकारनें आणला तो पाहुणा आणि चोरून आणला तो घुसखोर, हा भेद माशाला काय ठाऊक?" "माशाला नाहींच ठाऊक," ते म्हणाले. "तो गुन्हा माशाचा नव्हे. पण ज्यानें तो केला तो येथें नाहीं, आणि आपण आहोंत." मग कांठाकडे बोट दाखवून ते हळू आवाजांत म्हणाले, "आणि पाहुण्यांचीच गोष्ट काढलीस तर मीही येथला पाहुणाच." त्या सरोवरावर पूर्वीं पायूट लोक मासे धरीत असत. १८८९ मध्यें एका सिंचन कंपनीनें त्यांच्याकडून सरोवराच्या पाण्याचे हक्क घेतले. मोबदला काय? नऊ घोडे, पांचशें पौंड पीठ, एक चांगला बैल आणि कपड्यांचा एक जोड. हे आंकडे सांगतांना त्यांच्या आवाजांत कसलाही अभिनिवेश नव्हता. वर्गांत इतिहासाचा धडा सांगावा तसे ते सांगत होते. मी मात्र हातांतल्या माशाकडे पाहत राहिलों. पाण्याची किंमत पिठांत मोजणारे आणि बादलींतून मासे आणून ओतणारे, दोघांनाही त्या वेळीं आपण कांहीं फार मोठें करीत आहों असें वाटलें नसेल.

दुपारीं आम्ही कांठाजवळ, तीन मीटर खोलीवर, नवें भोंक पाडलें. ट्राउट हा एकटा हिंडणारा मासा, आणि हिंवाळ्यांत तो पुष्कळदां बर्फाच्या अगदीं खालून फिरतो. त्याची ओढ पर्चसारखी संकोची नसते. काठी एकदम वांकली, दोरा सरसर सुटूं लागला. मास्तर ओरडले, "दे, दे, हात ढिला सोड!" दोरा ताणला तर तुटतो, आणि बर्फाच्या धारदार कडेवर घासला तरी तुटतो; म्हणून काठीचें टोंक भोंकाच्या मधोमध धरून, त्यानें ओढलें कीं सोडावयाचें, तो थकला कीं ओढावयाचें. दहा मिनिटें हा व्यवहार चालला. शेवटीं भोंकांत त्याचें डोकें दिसलें. हातभर लांब, अंगावर गुलाबी पट्टा असलेला इंद्रधनुषी ट्राउट! माझें काळीज धडधडत होतें.

मास्तरांनीं विचारलें, "काय करतोस?" मीं त्यांच्याकडे पाहिलें. ते म्हणाले, "ट्राउटच्या हवेच्या पिशवीला घशांत उघडणारी वाट असते, तो जास्तीची हवा बाहेर टाकूं शकतो. शिवाय हा उथळ पाण्यांतला आहे. ह्याला न्यावयाचा तर ने. कायद्यानें तुझा आहे. पण ह्याला सोडलें तर हा जगेल." थंडींत असा मासा क्षणभरही बाहेर धरूं नये, त्याचे कल्ले गोठतात. मीं त्याला पाण्याबाहेर काढलाच नाहीं. भोंकांतच चिमट्यानें गळ सोडविला. क्षणभर तो हाताशीं स्थिर राहिला, मग शेपटीचा एक फटका, आणि काळ्या पाण्यांत तो नाहींसा झाला. आमच्या बादलींत वीतभराहून लहान अठरा मासे होते, आणि हातभर लांबीचा मीं सोडून दिला होता. आजोबांच्या नियमाचें अक्षर मीं त्या दिवशीं पुरतें उलटें केलें. तरी त्यांना तें पटलें असतें असें मला वाटतें. कारण त्यांचा खरा नियम वीतभर लांबीचा नव्हताच. ज्याला जगतां येईल त्याला जगूं द्यावें, आणि ज्याला मारलें तो फुकट दवडूं नये, हा तो नियम होता. वीत हें फक्त खाडीच्या पाण्यापुरतें त्याचें माप होतें.

उन्हें कलल्यावर आम्ही परत निघालों. सकाळीं आम्ही मोठा वळसा घेऊन आलों होतों; समोर, कांठाच्या सरळ रेषेंत, मोटार दिसत होती. हातपाय बधिर झाले होते, थंडी वाढत होती. मी म्हटलें, "सरळच जाऊं या." मास्तर म्हणाले, "सकाळची वाट." मीं पुन्हां म्हटलें कीं, सबंध दिवसांत एकदांही बर्फ कुरकुरलेला नाहीं. ते वाद घालीत बसले नाहींत. मला दोरीचें एक टोंक धरावयास दिलें, त्या सरळ वाटेवर वीसएक पावलें हळूहळू पुढें गेले आणि पहार आपटली. पहिला घाव बद्द वाजला. दुसऱ्या घावाला पहार आरपार गेली, आणि पाणी वर येऊन हिमावर करड्या डागासारखें पसरलें. तेथें तळाशीं झरा होता.

आम्ही मागें वळत होतों, तेवढ्यांत दुसऱ्या बाजूनें तीन तरुण मुलें घसरगाडी ओढीत नेमकीं त्याच रेषेंत येतांना दिसलीं. मास्तरांनीं दोन्ही हात वर करून हांक मारली. पुढचा मुलगा थबकला, आणि थबकतांच त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत आंत गेला. त्या क्षणीं मास्तरांचा जो आवाज मीं ऐकला, तो शाळेंतल्या चाळीस वर्षांचा आवाज होता. "उभा राहूं नकोस! आडवा हो! मागच्या दोघांनीं जागचें हलूं नये!" मुलगा पोटावर पडला. "आतां पाय वर घे. आल्या वाटेनें लोळत जा. लोळत!" तो लोळत गेला. दहा-बारा वेढे घेतल्यावर मागच्या दोघांनीं दोरी टाकून त्याला ओढून घेतला. सारें मिळून मिनिटभराचें काम. त्याचा बूट भिजला होता, बाकी कांहीं नाहीं. आमच्या मागोमाग सकाळच्या वाटेनें सारे कांठाला आले. कोणी एक शब्द बोललें नाहीं. मोटारीपाशीं आल्यावर तो मुलगा मास्तरांचे आभार मानूं लागला, तेव्हां त्यांनीं त्याचा ओला मोजा काढविला, स्वतःच्या पिशवींतला कोरडा दिला, आणि म्हणाले, "पुढच्या वेळीं पहार आण." एवढेंच.

मीं मात्र त्या रात्रीं मनाशीं हिशेब केला. सरळ जाऊं या, असें म्हणणारा मीच होतों. मास्तरांनीं माझें ऐकलें असतें तर पहारीच्या जागीं माझा पाय असता. दिवसभर ज्या बर्फानें मला पेललें, त्याच्या भरंवशावर मीं न पाहिलेल्या बर्फाची हमी घेतली होती. काल पाहिलेलें पाणी आज निराळें असतें. सकाळीं पाहिलेला बर्फ संध्याकाळीं, आणि येथला बर्फ तेथें, निराळाच.

रात्रीं मास्तरांच्या घरीं अठरा पर्च साफ केले. मासा लहान, पण मांस पांढरें, घट्ट आणि गोड. त्यांनीं आपल्या पद्धतीनें पीठ लावून तळले. मीं निम्म्या माशांना हळद, तिखट, मीठ आणि लिंबू चोळून, तांदळाच्या पिठांत घोळवून तव्यावर परतले. कोणते आधीं संपले हें सांगण्याचा मोह मी आवरतों.

श्रोतेहो, अशा बर्फाच्या नोंदी जगांत फार जुन्या आहेत. जपानच्या डोंगरांतील सुवा नांवाच्या सरोवराच्या गोठण्याची नोंद तेथील देवस्थानाचे पुजारी १४४३ पासून ठेवीत आले आहेत. पूर्वीं तें सरोवर बहुतेक हिंवाळ्यांत गोठत असे. अलीकडच्या दशकांत न गोठण्याचीं वर्षें फार झालीं आहेत. उत्तर गोलार्धांतल्या अनेक सरोवरांवर बर्फ आतां उशीरां धरतो आणि लवकर फुटतो. म्हणजे ज्या मास्तरांनीं लहानपणापासून बर्फाची भाषा शिकून घेतली, त्यांनाही ती पुन्हां नव्यानें ऐकावी लागत आहे. जुन्या तारखांवर विसंबून पाऊल टाकण्याचे दिवस गेले. पहारीचे दिवस मात्र गेलेले नाहींत.

आपल्यापैकीं फार थोडे लोक कधीं गोठलेल्या सरोवरावर जातील. पण न पाहिलेल्या पृष्ठभागावर पाय ठेवण्याचा प्रसंग कोणाला येत नाहीं? मास्तरांनीं निरोप देतांना तो खिळ्यांचा दागिना मला भेट म्हणून दिला. तो आज कोंकणांतल्या आमच्या घरीं, आजोबांच्या गरीच्या शेजारीं, एकाच खुंटीला टांगलेला आहे. तेथें त्याचा उपयोग कांहीं नाहीं. बर्फ तर नाहींच नाहीं. पण भरतीच्या वेळीं घरचीं मुलें खाडीकडे धांवत निघालीं म्हणजे तीं त्या खुंटीखालूनच जातात, आणि एखादें थांबून विचारतें, "हें काय आहे?" मग मला पहिल्यापासून सारी गोष्ट सांगावी लागते. आज ती आपणांसही सांगितली.